'सॉरी'ला मराठीत काय म्हणायचे?
(मोटार अपघातानंतरचे नियम आणि आपले हक्क)



गेल्या महिन्यात आपल्या तिसऱ्या गटातल्या एका मुलाने वर्गात आल्या आल्या विचारले, "बाई, 'सॉरी'ला मराठीत काय म्हणतात?" आम्ही उत्तर लिहायला फळ्याकडे वळलो आणि थबकलो. 'माफ करा' लिहावे की 'वाईट वाटले' लिहावे? म्हणून त्यालाच विचारले, "का रे, कुणाचा पाय तुडवलास?"

तो म्हणाला, "मी नाही, आई म्हणाली. आमच्या गाडीला धडक बसली तेव्हा. आणि आता ते इन्शुरन्सवाले म्हणतात, सॉरी म्हणाली म्हणजे चूक तिचीच."

त्या रविवारी ठरलेला धडा बाजूला राहिला आणि तासभर आम्ही सगळे याच विषयावर बोललो. पुढच्या रविवारी पालकही बसले. बहुतेक सगळ्यांकडे गाड्या आहेत, मुले सोळा वर्षांची झाली की तीही चालवायला शिकणार, पण अपघात झाल्यावर कायद्याने काय करायचे असते हे आपल्यापैकी फार थोड्यांना नीट माहीत होते. म्हणून हा पाठ. आपण कॅलिफोर्नियात राहतो, तेव्हा यातले सर्व नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. दुसऱ्या राज्यात ते वेगळे असू शकतात.

झाले काय?

त्या कुटुंबाच्या परवानगीने, नावे न देता, हकीगत सांगतो. आई गाडी चालवत होती. शेजारी सांगलीहून आलेले आजोबा, मागे आपला विद्यार्थी आणि बूस्टर सीटवर त्याची पाच वर्षांची बहीण. फ्रीमाँटमधला एक चौक, चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी. आई थांबली, तिची पाळी आली, ती निघाली. डावीकडून आलेली गाडी थांबलीच नाही. मागच्या दारावर धडक बसली.

आई घाबरून खाली उतरली आणि सवयीने म्हणाली, "ओ, सॉरी, सॉरी! आय ॲम सो सॉरी!" समोरचे गृहस्थही घाबरले होते. ते म्हणाले, "विमा कंपनीला कशाला कळवायचे? मी तीनशे डॉलर रोख देतो." आजोबा काच खाली करून म्हणाले, "अगं, घे आणि मिटवून टाक. परक्या देशात पोलिसांची भानगड नको."

दार बंद होत नव्हते म्हणून आईने पैसे घेतले नाहीत. दोघांनी एकमेकांच्या कागदांचे फोटो काढले. तेवढ्यात आपल्या विद्यार्थ्याने एक काम केले. फुटपाथवर कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई हे सगळे पाहत उभ्या होत्या. त्याने मराठीच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांचे नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. त्या आनंदाने द्यायला तयार झाल्या. त्या पानाचे महत्त्व पुढे कळेल.

दुसऱ्या दिवशी आजोबांची मान आखडली. 'तुम्हाला खर्चात कशाला पाडू' म्हणून त्यांनी तीन दिवस कुणाला सांगितले नाही. आणि आठवड्याने समोरच्या विमा कंपनीचा फोन आला, "आमचे ग्राहक सांगतात की तुम्ही जागेवरच माफी मागितली."

'सॉरी'चे दोन अर्थ

मुलांनो, इंग्रजीत 'सॉरी' हा एकच शब्द दोन कामे करतो. शेजाऱ्यांची आजी वारली तर आपण 'सॉरी' म्हणतो. तिथे चूक कुणाची नसते, फक्त वाईट वाटलेले असते. आणि दुसऱ्याची पेन्सिल मोडली तरी 'सॉरी'च म्हणतो. तिथे चूक आपली असते. मराठीत मात्र यासाठी दोन वेगळी वाक्ये आहेत:

'मला वाईट वाटले.' (ही सहानुभूती.)
'माझे चुकले.' (ही कबुली.)

गंमत अशी की कॅलिफोर्नियाचा पुराव्याचा कायदा नेमका हाच फरक करतो. २००१ सालापासून लागू झालेले त्याचे कलम ११६० असे सांगते की, अपघातात सापडलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना कुणी सहानुभूतीचे शब्द बोलले, तर दिवाणी दाव्यात ते शब्द चुकीचा पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. पण त्याच बोलण्यात 'चूक माझी' असे वाक्य असेल, तर तेवढे वाक्य पुरावा म्हणून चालते. म्हणजे "तुम्हाला लागले का हो? फार वाईट वाटले," हे माणुसकीने जरूर म्हणावे. कायदा त्याला आड येत नाही. पण "माझेच लक्ष नव्हते," असे रस्त्यात उभे राहून ठरवून टाकू नये. त्या क्षणी आपण घाबरलेले असतो, आणि समोरच्याने पाटी पाळली की नाही हेसुद्धा कधी कधी आपल्याला दिसलेले नसते.

याचा अर्थ खोटे बोलावे असा मुळीच नाही. पोलिसांनी विचारले तर जे पाहिले ते खरे सांगावे: "मी थांबले होते. मी निघाले. मागच्या दारावर धडक बसली." घडले ते सांगणे आपले काम. चूक कुणाची, किती, हे ठरवणे दुसऱ्यांचे काम.

पहिला नियम: थांबायचे

अपघात लहान असो की मोठा, चूक आपली असो की नसो, थांबणे हे कायद्याने बंधनकारक आहे. कुणाला लागले असेल तर मदत करायची आणि ९११ वर फोन करायचा. इंग्रजी अडली तर आपल्या भाषेचे नाव सांगावे. फोनवर दुभाषा जोडून देण्याची सोय असते. थांबल्याशिवाय निघून जाणे हा गुन्हा आहे, आणि कुणी जखमी झालेले असेल तर तो गंभीर गुन्हा ठरतो.

उभ्या, रिकाम्या गाडीला आपला धक्का लागला तर? मालक सापडला नाही तरी निघून जाता येत नाही. आपले नाव, पत्ता आणि काय झाले ते लिहून चिठ्ठी सहज दिसेल अशी लावायची आणि पोलिसांनाही कळवायचे. 'कुणी पाहिले नाही' ही सबब कायद्यात चालत नाही. घरात तरी कुठे चालते?

पंचनामा कोण करणार?

आपल्याकडे महाराष्ट्रात अपघात झाला की गाड्या जागच्या जागी ठेवून पंचनाम्याची वाट पाहायची, हे मोठ्यांच्या मनात पक्के बसलेले असते. इथे कुणी जखमी नसेल आणि गाड्या चालण्यासारख्या असतील, तर त्या कडेला घ्याव्यात. गाडी हलवल्याने दोष कुणाचा यावर काही परिणाम होत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. हलवण्यापूर्वी चटकन दोन फोटो घेता आले तर उत्तम, पण भर रहदारीत फोटोसाठी उभे राहू नये.

फक्त पत्रा चेपला असेल तर अनेक गावांत पोलीस येतही नाहीत. अशा वेळी पंचनामा आपणच करायचा. फोटोत हे असावे: दोन्ही गाड्या लांबून, दोन्ही गाड्या जवळून, नंबरप्लेट, रस्त्यावरच्या पाट्या आणि दिवे, काचेचे तुकडे, रस्ता ओला होता की कोरडा. आणि कागदावर हे लिहून घ्यावे:

१. समोरच्या चालकाचे नाव, पत्ता आणि लायसन्सचा नंबर.
२. गाडीचा नंबर, आणि गाडी दुसऱ्याची असल्यास मालकाचे नाव.
३. विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा नंबर.
४. साक्षीदारांची नावे आणि फोन नंबर.
५. दिवस, वेळ, चौकाचे नाव.
६. पोलीस आले असतील तर अधिकाऱ्याचे नाव आणि अहवालाचा नंबर.

यातले पहिले तीन तपशील एकमेकांना देणे हे दोघांचेही कर्तव्य आहे. आपलेही तितक्याच मोकळेपणाने द्यावेत.

एक फॉर्म, दहा दिवस

ही गोष्ट आमच्यापैकी कितीतरी जणांना ठाऊक नव्हती. अपघातात कुणालाही थोडे जरी लागले असेल, किंवा कुणाचेही एक हजार डॉलरपेक्षा जास्त नुकसान झाले असेल, तर १० दिवसांच्या आत डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे, 'एसआर-१' नावाचा फॉर्म भरावा लागतो. चूक कुणाची हा प्रश्न इथे येत नाही. दोन्ही चालकांनी भरायचा. पार्किंगच्या खासगी जागेत धडक झाली तरी भरायचा. पोलिसांनी अहवाल लिहिला म्हणून हा फॉर्म सुटत नाही. तो न भरल्यास लायसन्स निलंबित होऊ शकते. आपला विमा एजंटही आपल्या वतीने तो पाठवू शकतो, पण पाठवला की नाही हे आपणच विचारून खात्री करावी. हल्ली दार चेपले तरी एक हजाराचा आकडा सहज ओलांडला जातो, हे लक्षात असू द्या.

दोष किती, भरपाई किती? (मोठ्या मुलांसाठी गणित)

१९६८ साली लॉस एंजेलिसच्या अल्वाराडो रस्त्यावर एक बाई पेट्रोलपंपाकडे वळण्यासाठी समोरच्या तीन लेन ओलांडत होत्या. पिवळा दिवा असताना वेगाने आलेली एक टॅक्सी त्यांच्या गाडीच्या मागच्या भागावर आदळली. न्यायाधीशांना दिसले की टॅक्सीचा वेग धोक्याचा होता, आणि बाईंनीही समोरचे वाहन फार जवळ आले असताना वळण घेतले होते. तेव्हाचा नियम असा होता की, तुमची थोडीशी जरी चूक असली तरी भरपाई शून्य. म्हणून बाईंना काहीच मिळाले नाही.

त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 'ली विरुद्ध यलो कॅब' या खटल्यात १९७५ साली न्यायालयाने तो जुना नियमच मोडीत काढला. तेव्हापासून कॅलिफोर्नियात दोष वाटून मोजला जातो. ज्याची जितकी चूक, तितकीच त्याची भरपाई कमी.

उदाहरण: नुकसान १०,००० डॉलर. आपला दोष २० टक्के. मग भरपाई किती? १०,००० वजा २,०००, म्हणजे ८,००० डॉलर. आपला दोष ७० टक्के असला तरी ३,००० डॉलर मागता येतात.

आता कळेल की रस्त्यात घाईने म्हटलेले 'माझे चुकले' किती महागात पडू शकते, आणि साक्षीदाराचा फोन नंबर किती मोलाचा असतो. आपल्या विद्यार्थ्याच्या आईने वहीचे ते मागचे पान आपल्या विमा कंपनीला दिले. त्या कुत्रेवाल्या बाईंनी फोनवर सांगितले की डावीकडची गाडी थांबलीच नाही. त्यानंतर समोरच्या कंपनीने पूर्ण दोष आपल्या ग्राहकाचा असल्याचे मान्य केले.

विम्याबद्दल पालकांसाठी

कॅलिफोर्नियात विम्याशिवाय गाडी चालवता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून नव्या आणि नूतनीकरण होणाऱ्या पॉलिसीत किमान रक्कम अशी आहे: एका माणसाच्या दुखापतीसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सर्वांच्या दुखापतीसाठी मिळून ६०,००० डॉलर, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर. पूर्वी हेच आकडे १५,०००, ३०,००० आणि ५,००० होते. हे पैसे आपण दुसऱ्याचे केलेले नुकसान भरण्यासाठी असतात. आपल्या स्वतःच्या नुकसानीसाठी नव्हे.

मग समोरच्याकडे विमाच नसेल तर? त्यासाठी 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट' नावाचे संरक्षण आहे. कंपनीला ते आपल्याला देऊ करावेच लागते, आणि नको असेल तर आपल्याकडून तसे लेखी घ्यावे लागते. पुष्कळ जणांनी हप्ता कमी व्हावा म्हणून न वाचता 'नको'वर सही केलेली असते. आज घरी गेल्यावर पॉलिसीचा कागद काढून पाहावा ही विनंती. धडक देऊन पळून गेलेल्या गाडीलाही हेच संरक्षण उपयोगी पडते, मात्र त्यासाठी पोलिसांना २४ तासांच्या आत कळवलेले असावे लागते.

दुसरे संरक्षण औषधोपचाराच्या खर्चाचे. ते ऐच्छिक आहे. चूक कुणाचीही असो, आपल्या गाडीतल्या माणसांच्या उपचाराचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्यातून मिळतो. आपल्या विद्यार्थ्याच्या घरच्यांनी ते घेतले होते. आजोबांचा डॉक्टर आणि एक्स-रे त्यातूनच भागला.

आणि उलट बाजूही पाहा. १९९६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या 'प्रपोझिशन २१३' नुसार, आपल्याच गाडीचा विमा नसताना मालक ती चालवत असेल, तर धडक दुसऱ्याने दिली असली तरी त्याला सहसा फक्त प्रत्यक्ष खर्च मागता येतो. वेदना आणि त्रासाबद्दलची भरपाई मागता येत नाही.

आपले हक्क, जे कुणी आपणहून सांगत नाही

• समोरच्या विमा कंपनीला ध्वनिमुद्रित जबाब देण्याची सक्ती आपल्यावर नाही. "माझ्या कंपनीशी बोला," इतके नम्रपणे सांगितले तरी पुरते. आपल्या स्वतःच्या कंपनीला मात्र लवकर कळवणे आणि सहकार्य करणे हे पॉलिसीनुसार आपले काम आहे.

• गाडी कोणत्या गॅरेजात दुरुस्त करायची हे ठरवण्याचा हक्क आपला आहे. कंपनी गॅरेज सुचवू शकते, सक्ती करू शकत नाही.

• अपघाताच्या वेळी मूल ज्या कारसीटवर किंवा बूस्टरवर बसले होते, ती सीट वरून धड दिसली तरी विमा कंपनीने बदलून द्यायची असते. आत गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या बहिणीला अशीच नवी सीट मिळाली. (आठ वर्षांखालच्या मुलांनी मागच्या सीटवर कारसीटमध्ये किंवा बूस्टरवर बसावे असा कायदा आहे. उंची ४ फूट ९ इंच झाली असेल तर सूट मिळते. दोन वर्षांखालच्या बहुतेक बाळांची सीट मागे तोंड करून असावी लागते.)

• पहिला चेक आला की सही करायची घाई करू नये. 'यापुढे काही मागणार नाही' असे लिहिलेल्या कागदावर सही झाली की दार बंद. मानेचे आणि पाठीचे दुखणे पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोके वर काढते. म्हणून आधी डॉक्टर, मग सही.

• रक्कम लहान असेल आणि तडजोड होत नसेल, तर 'स्मॉल क्लेम्स' न्यायालय आहे. एका व्यक्तीला तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा करता येतो. तिथे वकील उभे राहत नाहीत. आपले म्हणणे आपणच मांडायचे असते.

• दुखापत मोठी असेल तर वकील गाठावा. अशा कामात बहुतेक वकील आधी पैसे घेत नाहीत, भरपाईतला ठरलेला टक्का घेतात. तो करार लेखी असावा आणि त्याची प्रत आपल्याला मिळावी, असा कायदा आहे. आम्ही मराठीचे शिक्षक आहोत, वकील नव्हे. हा पाठ तुम्हाला योग्य प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठीच आहे.

मुदती पाठ करा

२४ तास: कुणी जखमी झाले असेल आणि पोलीस जागेवर आले नसतील, तर त्यांना लेखी कळवण्यासाठी.
१० दिवस: डीएमव्हीचा एसआर-१ फॉर्म.
६ महिने: सरकारी गाडीने, उदाहरणार्थ शहराच्या बसने किंवा कचऱ्याच्या सरकारी ट्रकने, दुखापत किंवा गाडीचे नुकसान केले असेल तर त्या सरकारी खात्याकडे लेखी मागणी करण्यासाठी.
२ वर्षे: शारीरिक दुखापतीबद्दल न्यायालयात दावा करण्यासाठी.
३ वर्षे: गाडीच्या किंवा इतर मालमत्तेच्या नुकसानीबद्दल दावा करण्यासाठी.

मुलांना दुखापत झाली असेल तर दोन वर्षांची मुदत साधारणपणे ते अठरा वर्षांचे झाल्यावर मोजायला सुरुवात होते. पण सरकारी खात्याविरुद्धच्या सहा महिन्यांना ही सवलत धरून चालू नये. मुलाच्या दाव्यात तडजोड झाली, तरी ती पक्की होण्यासाठी न्यायालयाची संमती लागते.

पाहुणे आलेल्या आजी-आजोबांसाठी

आजोबांना सर्वांत जास्त भीती कशाची होती? "मी इथला नाही, व्हिसावर आलोय, तक्रार केली तर मुलाला त्रास होईल." म्हणून ते मानेचे दुखणे लपवत होते. आजोबा, हे तुमच्यासाठी: दुखापतीची भरपाई मागण्याचा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. २०१७ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, दुखापतीच्या दिवाणी दाव्यात त्या माणसाचा व्हिसा किंवा वास्तव्याचा दर्जा पुरावा म्हणून पुढे आणता येत नाही. गाडीत बसलेल्या माणसाला, मग तो पाहुणा का असेना, तोच हक्क आहे.

आणखी एक सूचना. भारतात गाड्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहण्याची सवय असते. इथे पहिली गाडी डावीकडून येते. आजी-आजोबा फिरायला निघाले की नातवंडांनी ही आठवण करून द्यावी. हे काम तुमच्याकडे लागले!

मोठ्याने वाचा: संवाद

(हाच अपघात पुन्हा झाला तर गाडीत काय बोलणे व्हावे, हे आमच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या आईने मिळून लिहिले. तिघांनी भूमिका वाटून घ्या.)

आई: सगळे ठीक आहात ना? बाबा, तुम्हाला लागलं का?
आजोबा: नाही गं, जरा हिसका बसला. चल, मिटवून टाक आणि निघू या.
आई: बाबा, इथे तसं निघून चालत नाही. तुम्ही बसून राहा, मान फार हलवू नका.
मुलगा: आई, मी नऊशे अकराला फोन करू?
आई: त्यांच्या गाडीत कुणाला लागलंय का, ते आधी विचारते. तू बहिणीजवळ थांब. रस्त्यावर उतरू नकोस.
मुलगा: त्या बाईंनी बघितलंय. फुटपाथवर आल्या की त्यांचा नंबर घेऊ?
आई: घे. प्लीज म्हण, आणि थँक यू म्हणायला विसरू नकोस.
आजोबा: तो गृहस्थ पैसे देतोय ना? मग?
आई: दाराचा खर्च किती, ते गॅरेजवाला सांगेल. तुमच्या मानेचं डॉक्टर सांगतील. ते कळल्याशिवाय पैसे कसे घेणार?
आजोबा: बरं बाई. माझंही जरा दुखतंय, खरं सांगायचं तर.
आई: हेच आधी सांगायचं असतं, बाबा.

शब्दार्थ

धडक: दोन वस्तू जोराने आदळणे.
साक्षीदार: घटना डोळ्यांनी पाहणारा.
पुरावा: खरे काय ते दाखवणारी वस्तू, कागद किंवा बोलणे.
पंचनामा: घटनेच्या जागी जाऊन केलेली लेखी नोंद.
नुकसानभरपाई: झालेल्या नुकसानीबद्दल मिळणारे पैसे.
दावा: हक्काची लेखी मागणी.
मुदत: ठरलेला काळ. तो संपला की काम करता येत नाही.
तडजोड: दोघांनी थोडे थोडे सोडून मिटवणे.
कबुली: 'होय, मी केले' असे मान्य करणे.
दुभाषा: दोन भाषा जाणणारा आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावणारा. (तुमच्यापैकी बरेच जण घरी हे काम करतात!)

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'सॉरी'चे मराठीत कोणते दोन अर्थ होतात?
२. उभ्या गाडीला धक्का लागला आणि मालक सापडला नाही, तर काय करावे?
३. एसआर-१ फॉर्म किती दिवसांत भरायचा?
४. साक्षीदाराचा नंबर का घ्यावा?

आ) गणित सोडवा.
नुकसान ६,००० डॉलर. आपला दोष २५ टक्के. भरपाई किती? १९७५ पूर्वी किती मिळाली असती?

इ) कोण बरोबर, ते कारण देऊन सांगा.
चारही बाजूंना 'स्टॉप' असलेल्या चौकात दोन गाड्या एकाच वेळी आल्या. एक दुसरीच्या उजव्या हाताला आहे. आधी कोण जाईल? (उत्तर: उजव्या हाताची. वेगवेगळ्या वेळी आल्या तर जी आधी आली ती.)

ई) उपक्रम: 'गाडीतली चिठ्ठी'.
पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. एका बाजूला वर दिलेली सहा मुद्द्यांची यादी मराठीत, स्वच्छ अक्षरात लिहा. दुसऱ्या बाजूला आई-बाबांचे फोन नंबर, विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा नंबर इंग्रजीत लिहा, म्हणजे पोलिसांनाही वाचता येईल. चिठ्ठी आणि एक पेन्सिल गाडीच्या खणात ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी कागद चालतो.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी आपापली चिठ्ठी दाखवायला आणावी. आणि पालकहो, त्याच दिवशी तुमच्या पॉलिसीत 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट' आहे की नाही, हे आम्ही तुम्हालाही विचारणार आहोत. तो तुमचा गृहपाठ.

जाता जाता, त्या मुलाच्या प्रश्नाचे फळ्यावर आम्ही काय उत्तर लिहिले ते सांगतो. आम्ही दोन्ही वाक्ये लिहिली, 'वाईट वाटले' आणि 'माझे चुकले', आणि त्याला विचारले, "आईला यातले कोणते म्हणायचे होते?" तो लगेच म्हणाला, "पहिलं. ती समोरच्या काकांना लागलं का तेच विचारत होती."

आजोबांची मान आता बरी आहे. सांगलीला परतताना त्यांनी वहीचे ते मागचे पान नातवाकडून मागून नेले.

सर्वांनी पट्टा बांधा, 'स्टॉप'ला पूर्ण थांबा, आणि रविवारी वेळेवर या!

आपले,
मराठी वर्गाचे शिक्षक